लिली पॉन्स: नुसता गोड आवाज?
फ्रेंच-अमेरिकन ऑपेरा गायिका लिली पॉन्स म्हणजे नुसती गोड गळ्याची बाहुली असं म्हणतात, ते काही पटलं नाही बुवा. बाई मुळात पियानो शिकलेली, ऑपेरात उतरली तीच तिशीला टेकल्यावर, १९२८ला फ्रान्समधल्या मुलूझमधे 'लाक्मे' या ऑपेरातली लाक्मे करून (ब्राह्मणाच्या मुलीची गोष्ट, त्यातला भारत निव्वळ कल्पनेतला!) आणि ३ जानेवारी १९३१ला थेट न्यूयॉर्कच्या मेटमधे (मेट्रोपॉलिटन ऑपेरा) 'ल्युचिया दि लामेरमूर' या ऑपेराची नायिका ल्युचिया, तेव्हा तिकडे तिला फारसं कोण ओळखतही नव्हतं. ल्युचियाला वेड लागतं तो सीन ही अख्खा एक स्वर वर चढवून गायची, म्हणजे शेवटी एफ हा फारच उंच सूर, तोही एवढं सगळं गाऊन झाल्यावर! महायुद्धात सैनिकांसाठी गायला भारत-बर्मापर्यंत येऊन गेली. अभिनय बेताचाच, मान्य. पण अमेरिकेत मेरीलँडमधे एका जागेला चक्क लिलीपॉन्स नाव दिलंय राव, तिथे धंदा पाणकमळं नि गोल्डफिशचा!