अंबाडी राहिलीच की!

एका ताईंनी लिहिलंय की गोधडी आणि सांडगे सोडले तर घरी करण्यासारखं आता फारसं उरलं नाही. मला हे पटत नाही. अंबाडी घ्या. आपल्या मराठवाड्यात खरिपात ज्वारी-तुरीच्या कडेनं तिची चार तासं, म्हणजे ओळी, टाकली की भाजी आणि दोर दोन्ही घरचे.

पाला उकडून आंबट पाणी पिळून टाकायचं, मग ज्वारीच्या कण्या, तूरडाळ, शेंगदाण्यांसोबत शिजवायचा. ताटात वरून लसणाची कडकडीत फोडणी, तिथं तेलाला हात आखडायचा नाही! लाल बोंडांची असेल तर चटणीही होते.

खोडांच्या पेंढ्या दगडाखाली पाण्यात दोन-तीन आठवडे कुजवायच्या. जनावरं पितात त्या पाण्यात मात्र मुळीच नको, फार घाण होतं. साल सुटली की धुऊन वाळवायची, हाच वाख. पोळ्याला बैलांचे नवे कासरे, वेसणी याच्याच वळायचे. नायलॉनचं दावं जनावराच्या गळ्याला काचतं, वाखाचं मऊ बसतं. साल निघून उरलेल्या काड्या, म्हणजे सनकाड्या, चुलीला.

बियाणं विकत आणू नका. गावात कुणाकडंही मूठभर मिळेल, येत्या मृगात टाकून बघा.