आधी खुराडं, मग कोंबड्या: घरच्या ग्रुपवरची चर्चा

प्रकाशदादा (गावी): सगळ्यांना नमस्कार. गणपती झाले की कोंबड्या पाळायच्या असं मी आणि मंगलने ठरवलंय. घरच्यापुरती अंडी आणि अधूनमधून सागुतीला कोंबडा, एवढंच. मागचं परडं रिकामंच आहे. बाजाराच्या दिवशी एक गाडीवाला येतो, त्याच्याकडे गावठी पिल्लं आहेत. 50 घेतलीत तर स्वस्तात देतो म्हणाला. घेऊ का? अण्णा, आत्या, तुम्ही सांगा.

ओंकार (पुणे): दादा, कडकनाथ घ्या ना! त्याला मागणी पण आहे.

अण्णा: प्रकाश, त्या गाडीवाल्याकडून एक पिल्लूसुद्धा घेऊ नकोस. एक दिवसाच्या पिल्लाकडे बघून ते गावठी आहे की नाही हे तुला-मला कळत नाही. पुष्कळदा ते अंड्यांच्या फार्मसाठी काढलेल्या जातीचे बाजूला टाकलेले नर असतात. मादी असती तर फार्मवाल्याने ठेवून घेतली असती. तो नर अंडं तर देणारच नाही, आणि कितीही खाऊ घातलं तरी अंगावर मांसही धरत नाही. वर लस झालेली नसते.

अण्णा: आणि 50 कशाला? पहिल्या खेपेला 10 माद्या आणि 1 कोंबडा. वर्षभर त्या सांभाळ, मग बघू.

ओंकार: अण्णा, कडकनाथ का नको?

अण्णा: नको असं नाही. झाबुआकडची आपली चांगली देशी जात आहे, 2018 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वर्षाला अंडी 80 च्या आसपास, आणि ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसायलाही कच्ची. प्रकाशला घरात अंडी हवीत. त्याला गिरिराज किंवा ग्रामप्रिया बरी. गिरिराज बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने काढली, ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने. दोन्ही परसात फिरून खाणाऱ्या. रोज थोडं खाद्य दिलंस तर वर्षाला 130-150 अंडी धरायला हरकत नाही. गावठी 50-60 वर थांबते. पण गावठीचं एक आहे, ती पिल्लं काढते आणि वाढवते. या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसतच नाहीत.

आत्या (गुहागर): म्हणून दोन तरी गावठी असूदेत रे. आणि घार वर आली की पिल्लं पंखाखाली घ्यायची अक्कल फक्त तिलाच आहे. माझी एक तांबडी आहे, घारीची सावली पडली तरी आवाज देते, सगळी आबोलीच्या झाडाखाली पळतात.

रोहिणी (ठाणे): मला पण इच्छा होतेय. आमच्या बाल्कनीत चार ठेवल्या तर चालतील का?

अण्णा: नको बाळा. सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी हा एक भाग झाला. पण कोंबडीला पायाखाली उकरायला माती लागते. फरशीवर तिची शीट ओली राहते, तिच्यातून अमोनिया सुटतो, तो तिच्या डोळ्यांना आणि श्वासाला लागतो आणि शेजारच्यांनाही. तुला अंडी प्रकाशकडून येतील.

मंगलवहिनी (गावी): मला एक बोलायचंय. यांनी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या 17 कोंबड्या होत्या. शिमग्याच्या आधी राखणेसाठी (गावदेवाला द्यायला) बाजारातून एक कोंबडा आणला आणि दोन दिवस त्याच खुराड्यात ठेवला. आठवड्यात पहिली कोंबडी मान वाकडी करून गरगर फिरायला लागली. हिरवट पांढरं हगत होत्या. चार दिवसांत 17 च्या 17 गेल्या. सासूबाई रोज सकाळी खुराड्याचं दार उघडायच्या आणि तिथेच खाली बसायच्या. त्यानंतर त्यांनी खुराडं मोडायला लावलं. आता परत घेतोय तर मला परत तसं बघायचं नाहीये. काय करावं लागेल ते नीट सांगा.

अण्णा: मंगल, बरं झालं लिहिलंस. ती मानमोडी. पुस्तकात राणीखेत म्हणतात. एकदा आली की औषध नाही, तेव्हा गोळ्या-काढे देऊन काही होत नाही. उपाय आहे तो आधीचाच, लस.

नोकरीची 31 वर्षं मी हेच बघितलं. लोक कोंबड्या पाळतात, पण लस करत नाहीत आणि त्याचं कारण आळस नाही. लसीची लहान बाटलीसुद्धा सहसा 100 पक्ष्यांची येते. एकदा पातळ केली की बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी 10 कोंबड्या आहेत तो म्हणतो, 90 चा डोस फुकट घालवू कशाला? मग करतच नाही. शेजारचाही तसंच म्हणतो. कोंबड्या तर सगळ्यांच्या एकाच शेणकीवर उकरतात, एकीला झाली की सगळ्या वाडीत.

म्हणून प्रकाश, तू कोंबड्या आणायच्या आधी वाडीतल्या सगळ्या घरांतल्या कोंबड्या मोज. सगळ्यांची लस एकाच संध्याकाळी करायची. संध्याकाळी अशासाठी की तेव्हा त्या आपणहून खुराड्यात येतात, दिवसा तुला एकही सापडणार नाही. बाटली मी तालुक्याच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून आणतो.

प्रकाशदादा: अण्णा, लस एकदा केली की झालं का?

अण्णा: नाही. पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, एक थेंब डोळ्यात. दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या आजाराची. चौथ्या-पाचव्या आठवड्यात परत लासोटा. पुढे देवीच्या रोगाची. आणि 8 ते 10 आठवड्यांची झाली की पंखाखाली कातडीत आर टू बी ही लस, तीच मोठेपणी मानमोडीपासून जपते. आजारी पक्ष्याला लस टोचायची नाही, आणि आठवडाभर आधी जंताचं औषध द्यायचं.

पण तू एक दिवसाची पिल्लं घेऊच नकोस. नवख्या माणसाची पुष्कळ पिल्लं पहिल्या तीन आठवड्यांत जातात ती थंडीने. पहिल्या आठवड्यात त्यांना 35 अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. आपल्याकडे रात्री वीज गेली की बल्ब बंद, आणि सकाळी कोपऱ्यात एकावर एक चढून गुदमरलेली पिल्लं. तू 8-10 आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, घे, आर टू बी झालेल्या. शासनाची मध्यवर्ती उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि संभाजीनगरला आहेत, आपल्याला कोल्हापूर जवळ. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार, तलंगांच्या गटवाटपाची योजना असेल तर तीही तिथेच कळेल. ऑक्टोबरात आणल्यास तर जानेवारीच्या सुमारास अंड्यावर येतील. दिवसही तेव्हा वाढायला लागलेला असतो, ते अंड्यांना चांगलं.

ओंकार: एक शंका. कोंबडा नसेल तर अंडी येतील का?

आत्या: येतील रे. कोंबडा पिल्लांसाठी. नुसती खायला अंडी हवी असतील तर तो नसला तरी चालतो.

अण्णा: आणि असला तर 8-10 माद्यांमागे एकच. जास्त झाले तर माद्यांच्या पाठीची पिसं जातात. गिरिराजसारख्या संकरित कोंबड्यांची अंडी मात्र उबवायला ठेवू नकोस, त्यांचे गुण पुढच्या पिढीत तसेच उतरत नाहीत. उबवायला गावठीचीच.

मंगलवहिनी: खुराडं कसं हवं? आधीचं जमिनीवरच होतं, चिऱ्यांचं.

अण्णा: 10-11 पक्ष्यांना 5 फूट बाय 4 फूट पुरे, रात्रीपुरतं. जमिनीपासून दोन फूट वर उचलून घ्या, म्हणजे ओल येणार नाही. जाळी मात्र नेहमीची षटकोनी कोंबडीजाळी नको. तिच्या भोकातून मुंगूस पिल्लू ओढून नेतो आणि साप तर सहज शिरतो. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी घ्या, महाग पडली तरी. वर कौलं असतील तर कौलांखालीसुद्धा जाळी. आत एक आडवी दांडी, मनगटाएवढी जाड, गोल. कोंबडी रात्री उंचावर बसते.

आत्या: आणि दाराला नुसती कडी नको. खिळ्याने अडकवलेली कडी मुंगूस नाकाने उचलतो. माझ्या डोळ्यांसमोर उचललीय. मी साखळी लावते.

अंडी घालायला काळोखा कोपरा दे. जुनी पाटी, तिच्यात भाताचा पेंढा. चार-पाच कोंबड्यांना एक पाटी पुरते. पहिल्या दिवसांत पाटीत एक खोटं अंडं किंवा अंड्याएवढा गुळगुळीत दगड ठेव, त्यांना जागा कळते. नाहीतर जाऊन वईत (कुंपणात) घालतात, आणि अंडी सापडतात ती धामणीला.

प्रकाशदादा: खाणं काय काय द्यायचं? आई म्हणते पूर्वी फक्त कणी टाकायचो.

आत्या: कणी, कोंडा, उरलेला भात, भाजीचा पाला, सगळं चालतं. पण कणीवर अंडं येत नाही रे, त्याला किडा हवा. फुटकं मडकं घे, त्यात ओलं शेण आणि पेंढा भर, आणि वाळवी दिसते तिथे संध्याकाळी पालथं ठेव. सकाळी उचललंस की वाळवीने भरलेलं असतं. पिल्लं त्यावर तुटून पडतात. आणि तिसऱ्यांची शिंपलं मी टाकत नाही. उन्हात वाळवते, पाट्यावर फोडते आणि वेगळ्या करवंटीत ठेवते. ज्या कोंबडीला हवं ती येऊन टिपते. ते मिळालं नाही की अंडं मऊ कवचाचं येतं, हातात घेतलं तर कातड्यासारखं.

अण्णा: बरोबर. शिवाय तयार लेअर खाद्य दिवसाला 50-60 ग्रॅम माणशी, म्हणजे कोंबडीमागे. 10 कोंबड्यांना महिन्याला साधारण 15-18 किलो. पावसाळ्यात पोतं जमिनीला टेकवून ठेवू नका. बुरशी आलेलं खाद्य दिसायला बरं असलं तरी कोंबडीच्या यकृतावर जातं. आणि खारवलेल्या मासळीचं उरलंसुरलं घालू नका, जास्त मीठ त्यांना विष आहे.

रोहिणी: बर्ड फ्लूचं काय? मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर सारखं येतं.

अण्णा: बर्ड फ्लू वेगळा, मानमोडी वेगळी. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले. म्हणून नियम एकच ठेवा. एकदम तीन-चार पक्षी मेले तर हात लावायचा नाही, कुणाला द्यायचे नाहीत, पऱ्यात (ओढ्यात) टाकायचे तर मुळीच नाहीत. दवाखान्यात कळवायचं. ते सांगतील तसं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. नीट शिजवलेलं अंडं आणि मटण खायला भीती नाही, 70 अंशांच्या वर तो विषाणू टिकत नाही.

आणि मंगल, बाहेरून आणलेला कोणताही पक्षी, राखणेचा असो की कुणी भेट दिलेला असो, तीन आठवडे वेगळ्या डालग्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला. त्याचं पाण्याचं भांडंही वेगळं.

मंगलवहिनी: हे मी दारावर लिहून ठेवते.

आत्या, अजून एक विचारू का? आपण हाताने खाऊ घातलेला कोंबडा कापायचा म्हटलं की मला कसंतरी होतं. तुम्ही कसं करता?

आत्या: मला पण होतं गं. चाळीस वर्षं झाली तरी होतं, आणि व्हायलाच हवं. मी अंड्यावरच्या कोंबडीला हात लावत नाही. पिल्लं निघाली की त्यात निम्मे तरी कोंबडे असतात. पाच-सहा महिन्यांचे झाले की ते आपसात मारामाऱ्या करायला लागतात, तेवढेच काढते. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी ठेवायचं. बाकीच्यांसमोर कापायचा नाही, घराच्या पुढे नेऊन. आणि सुरी धारदार, म्हणजे त्याला त्रास कमी. मी स्वतः कापत नाही, आमच्याकडे शेजारचे भाऊ येतात. तू पण नको करूस. त्यात कमीपणा काही नाही. औषध दिलेल्या पक्ष्याचं मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडंही खायचं नाही नि मटणही नाही.

ओंकार: आणि आत्याच्या वड्यांसाठी मी येणार.

प्रकाशदादा: सगळ्यांचं वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, अण्णाला विचार लस दुखते का. मी म्हटलं डोळ्यात थेंब. मग "बरं" म्हणाली.

प्रकाशदादा (दुसऱ्या दिवशी रात्री): मोजून आलो. वाडीत सात घरांत मिळून 83 कोंबड्या, त्यात 20-22 लहान पिल्लं. सगळ्यांनी हो म्हटलं. खालच्या घरातल्या काकी म्हणाल्या, त्यांच्याही गेल्या वर्षी गेल्या होत्या, कुणी सांगितलंच नाही. अण्णा, कोणता दिवस?

अण्णा: येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला पोचतो. 83 असतील तर दोन्ही बाटल्या आणतो, पिल्लांना लासोटा आणि मोठ्यांना आर टू बी. जंताचं औषध उद्याच दवाखान्यातून आणून सगळ्या घरांत दे, पाण्यात घालून. दोन बॅटऱ्या आणि धरायला तीन माणसं तयार ठेव. एकाने कोंबडी द्यायची, एकाने धरायची, मी टोचतो. झालेलीच्या पायाला सुतळीचा तुकडा बांधायचा, म्हणजे दुसऱ्यांदा होणार नाही.

मंगलवहिनी: वेल्ड जाळी चिपळूणहून आणायला हे परवा जातायत.

आत्या: माझी तांबडी दोन-चार दिवसांत खुडूक बसेल असं दिसतंय, पाटीतून उठतच नाही, हात लावला की फुलते. ती मी मंगलला देते, 11 अंड्यांसकट. खुराडं पुरं झालं की फोन कर, तोवर मी अंडी वेगळी साठवून ठेवते. प्रकाश, डालगं घेऊन ये, पण दिवसा येऊ नकोस. अंधार पडल्यावर ये. रात्री उचलून नेली आणि रात्रीच अंड्यांवर ठेवली तर तिला जागा बदललेली कळत नाही, बसून राहते. दिवसा नेलीस तर उठून परत माझ्याकडेच यायला बघेल.