दहाव्या दिवशीची मैत्री घरी टिकत नाही

प्रश्न:
मार्चमध्ये इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं ध्यान-शिबिर केलं. साडेतीन दिवस आनापान (श्वासाकडे बघणं), मग विपश्यना (अंगातल्या संवेदना नुसत्या बघणं), आणि दहाव्या दिवशी मैत्री-भावना (सगळ्यांचं भलं चिंतणं). घरी सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. "मला जेवायला दिलंच नाहीस," एका दुपारी सहा वेळा. राग छातीत चढताना आता स्वच्छ दिसतो, तरी तोंडून जातंच. रात्री बसले की स्वतःचा तिटकारा येतो. नुसतं बघून माया येते का हो?

प्रतिसाद १:
ताई, तिटकारा हीसुद्धा संवेदनाच. रागाकडे बघता तसं तिच्याकडे बघायचं राहून जातंय. विशुद्धिमग्ग या जुन्या बौद्ध ग्रंथात त्याचे लेखक बुद्धघोष मैत्रीची सुरुवात स्वतःपासूनच करायला सांगतात. वैऱ्याचा नंबर खूप नंतर.

प्रतिसाद २:
मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये आत्मकरुणेची तीन अंगं मांडली: स्वतःशी मायेने वागणं, हे दुःख सगळ्यांच्याच वाट्याला येतं ही जाण, आणि सजगता. दुसरं अंग मला आईच्या आजारपणात कळलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर तिघी बसलो होतो, तिघींनीही आदल्या रात्री आवाज चढवलेला. आणि हो, आठवड्यातून एक दुपार दुसऱ्या कुणाला तरी बसवा. थकव्यावर ध्यान हा उपाय नाही.

प्रश्नकर्ती:
दुपारचं नणंदेशी बोलले, गुरुवारी येते म्हणाली. काल चौथ्यांदा विचारलं तेव्हा आधी स्वतःच्याच छातीवर हात ठेवला. मग वाटीभर वरणभात कालवला. सासूबाई दोन घास जेवल्या आणि म्हणाल्या, "तू जेवलीस का गं?"