युरोपीय संघ आर्क्टिक परिषदेचा निरीक्षकही नाही, मग तिथे त्याचं वजन कशामुळे?

ध्रुवतारा: आर्क्टिक परिषद म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या आठ देशांचं व्यासपीठ. तिच्या २०१३ च्या किरुना (स्वीडन) बैठकीत भारत, चीन निरीक्षक झाले. युरोपीय संघाचा अर्ज मात्र लटकलेलाच. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड हे संघाचे तीन देश परिषदेत असताना असं का?

सागरवाट: घोडं अडलं ते सीलच्या कातड्यापाशी. २००९ मध्ये संघाने सील उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली. परिषदेत आठही देशांची सहमती लागते. एकाने नकार दिला की विषय संपला. कॅनडाने तो दिला. २०१४ मध्ये कॅनडाशी तोडगा निघाला, पण तोवर रशियाने युक्रेनचं क्रिमिया बळकावल्यावरून संघाशी बिनसलं होतं आणि रशिया आडवा आला. संघाचे प्रतिनिधी बैठकांना बसत आले, पण दर्जाशिवाय.

ध्रुवतारा: बंदीत इनुइटांना, म्हणजे सीलच्या शिकारीवर जगणाऱ्या आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांना, सूट होती ना?

सागरवाट: होती, पण कातड्यासोबत मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं: शिकार याच समाजाने केलेली, परंपरेने चालत आलेली, पोटापाण्यासाठी. कॅनडातल्या इनुइटबहुल नुनावुत प्रदेशाच्या सरकारला असं प्रमाणपत्र द्यायची मान्यता मिळाली २०१५ मध्ये. सहा वर्षं गेली, तोवर बाजार बसला. 'सील' म्हटलं की गिऱ्हाईक हात आखडतं, कातडं कुणाचं हे तो विचारत नाही. इनुइटांवर हा सरळ अन्याय झाला. सूट कायदेशीर आहे हे लोकांना सांगण्याची जबाबदारी २०१५ च्या दुरुस्तीत युरोपीय आयोगावर, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळावर, टाकावी लागली.

हिमरेषा: निरीक्षकाला मत नसतंच, त्यामुळे त्या खुर्चीवरून वजन मोजू नका. सागरी मत्स्यसंवर्धन हा विषय सदस्य देशांच्या नव्हे, संघाच्या अखत्यारीत येतो. म्हणून मध्य आर्क्टिक महासागराच्या मासेमारी करारावर संघाने स्वतः सही केली: २०१८, इलुलिसात (ग्रीनलंड), अंमल जून २०२१ पासून. सुमारे २८ लाख चौ. किमी खुला समुद्र, दहा पक्ष, त्यांत रशिया, चीन, अमेरिकाही. सुरुवातीची मुदत १६ वर्षं. शास्त्रीय माहितीच्या आधारे नियम ठरेपर्यंत व्यापारी मासेमारी नाही. डेन्मार्कची सही फक्त ग्रीनलंड आणि फेरो बेटांसाठी आहे, कारण ती संघाबाहेर. ग्रीनलंड १९८५ मध्ये बाहेर पडलं तेही मुख्यतः मासेमारीच्या हक्कांवरून. भारताचं उलट: निरीक्षक आहे, या करारात नाही.

सागरवाट: हे मान्य. पण ऊर्जेत संघाचं बोलणं एक, वागणं दुसरं. २०२१ च्या धोरणात आर्क्टिकमधला कोळसा, तेल, वायू जमिनीतच राहू द्या म्हटलं, आणि रशियाच्या आर्क्टिकमधल्या यामलचा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) युरोपच्या बंदरांत उतरतच होता.

हिमरेषा: खरं आहे. यामलची बर्फ फोडणारी जहाजं मोजकी. बेल्जियमच्या झीब्रुग बंदरात वायू साध्या जहाजात भरून देऊन ती लगेच उत्तरेला परतत. जून २०२४ च्या निर्बंधांनी इतर देशांसाठीची ही अदलाबदल मार्च २०२५ पासून थांबवली. त्यामुळे आशियाचा माल घेऊन याच जहाजांना लांबचा पल्ला मारावा लागतो किंवा अदलाबदलीसाठी दुसरी जागा शोधावी लागते. युरोपातच वापरायचा वायू उतरवायला मात्र त्या निर्बंधांनी अडवलं नाही.