मर्यादवेलीचे बी रुजत नाही

प्रश्न: समुद्रकाठच्या वाळूत पसरणारी, बकरीच्या खुरासारख्या दुभंगलेल्या पानांची मर्यादवेल बियांपासून वाढवण्याचा माझा प्रयत्न आहे; परंतु वाळूमिश्रित मातीत पेरलेले बी अद्याप टणकच आहे, कुजलेलेही नाही. काय करावे?

प्रतिसाद १: कुजलेले नाही, म्हणजे ते बहुधा जिवंत आहे. खाऱ्या पाण्यावर दूरवर तरंगत जाऊनही तगून राहणाऱ्या या बियांचे कवच पाणी सहजासहजी आत शिरू देत नाही. तपकिरी लव असलेल्या बीची एक बाजू, नाभीची जागा (बी फळाला जिथे जोडलेले होते तो ठिपका) सोडून, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत पॉलिश पेपरवर घासावी, बी रात्रभर पाण्यात ठेवावे आणि फुगेल तेवढेच पेरावे.

प्रतिसाद २: मला फाटे लावणे अधिक खात्रीचे वाटते. सरपटणाऱ्या खोडाला पेरापेराशी मुळे फुटतात आणि त्यांच्याच बळावर ही वेल उडती वाळू धरून ठेवते. म्हणून दोन-तीन पेरांचा तुकडा आडवा पुरावा. मात्र किनाऱ्यावरची वेल उपटून आणू नये, कारण तिथली वाळू तिच्याच आधाराने टिकलेली असते.

प्रतिसाद ३: दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी आणि पाणी साचू देऊ नये. जांभळट गुलाबी फुले पाहायची असल्यास सकाळी पाहावीत. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते.