गॅदर राउंड (पाचवी फेरी, २०२३): कर्णधार कोणाला करावे आणि न खेळणारा रूकी विकावा का?

टार्नीटकर | बुधवार, १२ एप्रिल २०२३

नमस्कार मंडळी,

एएफएल फँटसी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधल्या (एएफएल) खऱ्या खेळाडूंचा संघ कागदावर उभारून त्यांच्या प्रत्यक्ष खेळावरून गुण मिळवायच्या खेळाबद्दल विचारतो आहे. उद्या संध्याकाळी ॲडलेड विरुद्ध कार्लटन या सामन्याने पाचवी फेरी सुरू होत आहे. या पहिल्यावहिल्या गॅदर राउंडमध्ये नऊच्या नऊ सामने दक्षिण ऑस्ट्रेलियात असून त्यांपैकी सहा ॲडलेड ओव्हलवर, दोन नॉरवूडला आणि एक माउंट बार्करला होणार आहे. अठराही संघ खेळत असल्याने कोणाचा खेळाडू सुटीवर असण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे संघ पूर्ण उभा करण्याची चिंता या वेळी कमी आहे. माझी अडचण वेगळी आहे.

आमच्या खासगी लीगमध्ये मेलबर्न, सिडनी आणि पुणे अशा तीन ठिकाणची मराठी मंडळी आहेत आणि या फेरीत माझी गाठ गुणतक्त्यात पहिल्या असलेल्या संघाशी आहे. आमचे दोघांचे संघ बरेचसे सारखे आहेत. निक डेकॉस बचावफळीत दोघांकडेही आहे, हॅरी शीझल दोघांकडेही आहे, विल ॲशक्रॉफ्टही दोघांकडे आहे, म्हणजे त्यांचे गुण एकमेकांत वजा होणार. फरक पडतो तो मोजक्या जागांवर: माझ्याकडे रोरी लेअर्ड, टॉम ग्रीन आणि रकच्या (उडालेला चेंडू थापटून सहकाऱ्यांकडे देणारा उंच खेळाडू) जागी टिम इंग्लिश व रोवन मार्शल आहेत, तर त्यांच्याकडे क्लेटन ऑलिव्हर, ब्रोडी ग्रंडी आणि टिम टरँटो आहेत. ते ऑलिव्हरलाच कर्णधार करतील असे त्यांच्या आजवरच्या पद्धतीवरून मला वाटते.

माझे प्रश्न दोन आहेत. कर्णधाराचे गुण दुप्पट होत असल्याने मी लेअर्ड, इंग्लिश, ग्रीन आणि मार्शल यांपैकी कोणाला निवडावे? आणि माझ्या मधल्या फळीच्या बेंचवर गिलाँगचा एक रूकी (स्वस्तात मिळणारा नवखा खेळाडू) आहे, ज्याची अजून अंतिम संघात निवड होत नाही आणि म्हणून ज्याची किंमतही वाढत नाही, त्याला या आठवड्याच्या दोन ट्रेडपैकी (खेळाडू विकून दुसरा घेण्याची संधी) एक वापरून काढून टाकावे का?

फिरता_चेंडू | बुधवार, १२ एप्रिल २०२३

आपले दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत आणि माझे उत्तर असे आहे की त्या रूकीला निदान या फेरीपुरते मुळीच विकू नका, कारण तोच आपल्याला कर्णधाराचा निर्णय रविवारपर्यंत पुढे ढकलू देणार आहे.

नियम असा आहे की ज्याला कर्णधार केले तो खेळलाच नाही, तर उपकर्णधाराचे गुण दुप्पट होतात. प्रत्येक खेळाडू त्याच्या संघाचा सामना सुरू होताच लॉक होतो, मात्र ज्यांचे सामने व्हायचे आहेत त्यांच्या जागा आणि कर्णधारपदाची खूण आपण हलवू शकतो. लेअर्डचा सामना फेरीतला अगदी पहिला आहे आणि गिलाँगचा सामना वेस्ट कोस्टविरुद्ध रविवारी आहे. उद्या लेअर्डला उपकर्णधार करा. त्याने मोठी धावसंख्या उभारावी तसे भरघोस गुण मिळवले, तर कर्णधाराची खूण गिलाँगच्या त्या न खेळणाऱ्या मुलावर ठेवा, म्हणजे लेअर्डचे गुण दुप्पट होतील. लेअर्ड कमी पडला, तर खूण ग्रीन किंवा मार्शलकडे न्या, कारण ते दोघेही रविवारीच खेळत आहेत.

यात एक बारकावा आहे, जो अनेकांकडून निसटतो. कर्णधार मैदानावरच्या बावीस जणांतला असावा लागतो, बेंचवरचा चालत नाही. म्हणून रूकीला मधल्या फळीत मैदानावर आणावे लागेल आणि कोणाला तरी बेंचवर बसवावे लागेल. ती जागा ॲशक्रॉफ्टची. त्याला बेंचवर नेऊन त्याच्यावर इमर्जन्सीची खूण करा. रूकी खेळणार नसल्याने त्याच्या जागी ॲशक्रॉफ्टचे गुण आपोआप धरले जातील, म्हणजे आपला एकही गुण बुडत नाही. फक्त ही अदलाबदल शनिवारी माउंट बार्करला ब्रिस्बेन आणि नॉर्थ मेलबर्न यांचा सामना सुरू होण्याआधी झाली पाहिजे, कारण त्यानंतर ॲशक्रॉफ्ट जागचा हलणार नाही. मी तर म्हणेन की ती आजच करून ठेवा. खूण शेवटी रूकीवर ठेवलीत किंवा नाही, तरी या मांडणीत नुकसान होत नाही.

आता खरा लाभ पाहा. आपला प्रतिस्पर्धी ऑलिव्हरला कर्णधार करणार असेल, तर मेलबर्न आणि एसेंडन यांचा सामना शनिवारी आहे. म्हणजे ऑलिव्हरचे दुप्पट झालेले गुण किती, ग्रंडीने किती जमवले, शुक्रवारी टरँटोने किती जमवले, हे सर्व आपल्याला रविवारी सकाळी डोळ्यांसमोर असेल आणि लेअर्डचे गुण दुप्पट करायचे की ग्रीन किंवा मार्शलवर मोठा डाव लावायचा, हे आपण त्यानंतर ठरवू शकाल. आपण पुढे असलात तर हातात आलेले गुण घ्या. मागे असलात आणि लेअर्डचे गुण मध्यमच असले, तर धोका पत्करण्यात अर्थ आहे. दुसऱ्या कोणत्याही दिवशी खेळणाऱ्या संघाचा रूकी असता तर ही मुभा मिळाली नसती.

लेअर्डची निवड मी केवळ वेळापत्रकामुळे सुचवत नाही. तो ॲडलेडच्या मधल्या फळीत सतत चेंडूजवळ असतो आणि त्याचे टॅकल (चेंडू हाती असलेल्या प्रतिस्पर्ध्याला पकडणे) भरपूर असतात. प्रत्येक टॅकलला चार गुण आहेत, किकला तीन, मार्कला (किकचा चेंडू थेट झेलणे) तीन आणि हँडबॉलला (मुठीने चेंडू देणे) दोन, त्यामुळे संघ चेंडू ताब्यात ठेवत असो वा त्याच्या मागे धावत असो, लेअर्डच्या खात्यात भर पडतच राहते. कार्लटन या मोसमात अजून अपराजित आहे आणि क्रिप्ससारखा मागील वर्षाचा ब्राउनलो पदकविजेता (मोसमातील सर्वोत्तम खेळाडू) समोर असल्याने मध्यभागी झटापट दाट होईल. ती लेअर्डच्या पथ्यावरच पडेल. त्यातून हे त्याचे स्वतःचे मैदान आहे, इतर सोळा संघ मात्र प्रवास करून येत आहेत.

माझी मर्यादा १२० ची आहे. लेअर्डने तेवढे मिळवले तर मी फार विचार न करता ते घेतो. १०५ ते १२० यांच्या दरम्यान असला, तर वर म्हटल्याप्रमाणे शनिवारच्या रात्रीचे गणित पाहून ठरवावे.

कोथरूडहून_फुटी | गुरुवार, १३ एप्रिल २०२३

मी वरील योजनेशी सहमत आहे. रविवारी ग्रीन की मार्शल या निवडीसाठी थोडी भर घालतो, कारण तिथे मैदान आणि हवामान यांचा विचार करावा लागेल.

ग्रीनचा सामना, म्हणजे जायंट्स विरुद्ध हॉथॉर्न, नॉरवूडला आहे. ते मैदान अरुंद आहे. अरुंद मैदानावर चेंडू वारंवार सीमारेषेबाहेर जातो, खेळ थांबून पुन्हा सुरू होतो आणि बाजूने मोकळे धावत जाऊन निवांत मार्क घेणाऱ्या खेळाडूंना जागा कमी मिळते. अशा ठिकाणी ग्रीनसारखा धष्टपुष्ट, गर्दीत शिरून चेंडू काढणारा आणि हँडबॉल करणारा खेळाडू मला अधिक खात्रीचा वाटतो. उलट, हॉथॉर्नच्या जेम्स सिसिलीसारख्या बचावफळीतल्या मार्कवर जगणाऱ्या खेळाडूकडून नेहमीइतकी अपेक्षा मी ठेवणार नाही. शुक्रवारी याच मैदानावर फ्रीमँटल आणि गोल्ड कोस्ट खेळणार आहेत. तो सामना अवश्य पाहा, कारण मॅट रॉवेल आणि अँड्र्यू ब्रेशॉ यांच्या टॅकलच्या आकड्यांवरून रविवारी ग्रीनच्या वाट्याला काय येईल याचा अंदाज बांधता येईल.

मार्शलची बाजूही भक्कम आहे. कॉलिंगवुडचे डार्सी कॅमरन आणि मेसन कॉक्स हे दोन्ही रक जखमी आहेत, तर सेंट किल्डाकडे मार्शल एकटाच पूर्णवेळ रक आहे. हिटआउटला (उडालेला चेंडू थापटून देणे) एकच गुण असला तरी ज्याच्यासमोर सरावाचा रक नाही, त्याच्याकडे हिटआउटखेरीज मैदानभर फिरून मार्क घेण्याइतका दम शिल्लक राहतो. सेंट किल्डा चारपैकी चार सामने जिंकून येत आहे आणि प्रशिक्षक रॉस लायन यांच्या संघाला चेंडू शांतपणे फिरवायला आवडते, हेही मार्शलच्या सोयीचे आहे.

इंग्लिशविषयी मात्र सावध राहा. तो उत्तम खेळाडू आहे, पण त्याच्या गुणांचा मोठा हिस्सा मार्कमधून आणि त्यानंतरच्या किकमधून येतो. कोरड्या मैदानावर एक मार्क आणि एक किक मिळून सहा गुण सहज पदरात पडतात. पाऊस आला की चेंडू निसटतो, मार्क घटतात आणि टॅकल वाढतात. शनिवारी रात्री पोर्ट ॲडलेडविरुद्ध पावसाची शक्यता दिसली तर त्याला कर्णधारपदापासून दूरच ठेवा.

भारतातून खेळणाऱ्यांसाठी वेळेची आठवण करून देतो. २ एप्रिलला घड्याळे मागे गेल्यापासून ॲडलेड आपल्यापेक्षा चार तास पुढे आहे आणि मेलबर्न साडेचार तास. आजचा सामना दुपारीच सुरू होत असल्याने जेवणाच्या सुटीत संघ नीट लावून घ्यावा.

टार्नीटकर | गुरुवार, १३ एप्रिल २०२३

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ॲशक्रॉफ्टला बेंचवर नेऊन इमर्जन्सीची खूण केली आहे आणि लेअर्ड उपकर्णधार आहे. एक शंका उरते. गिलाँगने आयत्या वेळी त्या रूकीलाच संघात घेतले तर काय?

आकडेमोड | गुरुवार, १३ एप्रिल २०२३

ही शंका रास्त आहे आणि म्हणूनच मी या योजनेबद्दल वर दिसतो तितका निश्चिंत नाही.

रविवारच्या सामन्यांसाठी आज संध्याकाळी मोठी यादी येईल आणि उद्या संध्याकाळी ती कापून अंतिम केली जाईल. त्यात रूकीचे नाव नसले तरी तो संघाचा राखीव खेळाडू असू शकतो आणि कोणी ऐनवेळी बाहेर पडल्यास त्याला बोलावले जाऊ शकते. या मोसमापासून बदली खेळाडू डावपेचासाठी केव्हाही उतरवता येतो. बदली म्हणून बसलेला मुलगा शेवटच्या काही मिनिटांसाठी जरी मैदानावर आला, तरी तो खेळला असे धरले जाते. तसे झाले तर लेअर्डचे दुप्पट गुण जातात, ॲशक्रॉफ्टचे गुण जातात आणि हाती त्या मुलाचे पाच-दहा गुण दुप्पट होऊन येतात. अंतिम संघ आणि बदली खेळाडू सामन्याच्या तासभर आधी जाहीर होतात, तोवर खूण हलवता येते. तेव्हा रविवारी त्या एका तासात आपण फोनजवळ असणे अत्यावश्यक आहे. ते शक्य नसेल तर ही योजना करू नये.

दुसरा मुद्दा पैशाचा. लेअर्डने १२५ मिळवले आणि ग्रीनने ११० मिळवले असते असे धरा, तर या सगळ्या खटाटोपाचा निव्वळ लाभ पंधरा गुण आहे. दुसऱ्या बाजूला, न खेळणाऱ्या रूकीत अडकलेली रक्कम एप्रिल महिन्यात एक आठवडा पडून राहते, आणि हेच दिवस खेळणाऱ्या रूकींच्या किंमती झपाट्याने चढण्याचे असतात. आज उशिरा घेतलेला रूकी पुढे एखादा मोठा खेळाडू आणण्याचा दिवसही पुढे ढकलतो. ज्यांचे लक्ष संपूर्ण मोसमाच्या एकूण क्रमांकावर आहे, त्यांना मी आजच त्याला विकायला सांगितले असते.

फिरता_चेंडू | गुरुवार, १३ एप्रिल २०२३

आकडेमोड यांचा पैशाचा हिशेब बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्यांचा सामना लीगमधल्या पहिल्या संघाशी आहे आणि दोन्ही संघ इतके सारखे असताना पंधरा गुण हेच जय आणि पराजय यांतले अंतर ठरू शकते. शिवाय ट्रेड दोन आहेत. आज बेंचवरच्या दुसऱ्या एखाद्या कमकुवत जागेसाठी ते वापरा आणि गिलाँगच्या मुलाला पुढच्या आठवड्यात विका.

बदली खेळाडूच्या धोक्याबद्दल ते म्हणतात ते मात्र तंतोतंत पाळा. रविवारी गिलाँगचा अंतिम संघ जाहीर झाल्यावर त्यात त्या मुलाचे नाव कुठेही, बदली म्हणूनसुद्धा, दिसले तर दोन गोष्टी लगेच करा: कर्णधाराची खूण मार्शलकडे न्या, कारण त्याचा सामना दिवसातला शेवटचा आहे, आणि ॲशक्रॉफ्ट लॉक झालेला असल्याने मधल्या फळीतली ती जागा रूकीकडेच राहील हे गृहीत धरून ग्रीन की मार्शल याचा पुन्हा एकदा विचार करा. लेअर्डचा सामना सुरू व्हायला थोडाच वेळ आहे, तेव्हा उपकर्णधाराची खूण जतन झाली आहे ना, हे एकदा पान पुन्हा उघडून पाहून घ्या.