मदत हवी आहे: ग्लुकोज सेन्सर औषधाच्या दुकानातून घ्यावा की थेट कंपनीकडून?

माझ्या लेकीला टाइप १ मधुमेह आहे. दंडावर सेन्सर लावायला लागल्यापासून आमच्या रात्री पुष्कळ सुधारल्या. साखर उतरायला लागली की फोन वाजतो, तिला उठवून काहीतरी गोड द्यायचं आणि परत झोपवायचं. पूर्वी याच कामासाठी मध्यरात्री गजर लावून झोपेतल्या पोरीचं बोट टोचावं लागायचं. त्यामुळे एक सेन्सर संपला आणि दुसरा हाताशी नाही, अशी वेळ मला येऊच द्यायची नाहीये.

सध्या आम्ही औषधाच्या दुकानातून घेतो. लागेल तेव्हा जाऊन आणता येतो, ही मोठी सोय आहे. पण मागे एक सेन्सर मुदत पुरी व्हायच्या बऱ्याच आधी बंद पडला. दुकानदार म्हणाले, पाकीट फोडल्यावर आम्ही परत घेत नाही, कंपनीशी बोला. कंपनीने विचारपूस करून बदली सेन्सर पाठवला खरा, पण तो येईपर्यंत पुन्हा बोट टोचणं आलं. तेव्हापासून वाटतंय की थेट कंपनीकडेच नोंदणी करून दर महिन्याला घरपोच मागवावेत. निदान जबाबदारी एकाच ठिकाणी राहील.

पण माझं मन ठरत नाहीये. सेन्सरच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते उष्णतेने बिघडू शकतं, एवढं मला माहीत आहे. कुरियरच्या तापलेल्या गाडीत पाकीट दिवसभर पडून राहिलं तर? उलट दुकानात माल बराच काळ पडून असेल आणि शेवटची तारीख जवळ आली असेल तर? शिवाय कंपनीच्या बिलावर विम्याचे पैसे मिळतात का, हेही बघायचंय. दोन्ही मार्ग वापरून पाहिलेल्या कोणी अनुभव सांगितला तर फार मदत होईल. स्वस्त कुठे पडतं हा माझ्यासाठी नंतरचा प्रश्न आहे. बंद पडलेला सेन्सर लवकर बदलून कुठे मिळतो, ते आधी कळायला हवं.

प्रतिसाद:
ताई, मी स्वतः टाइप १ आहे आणि दोन्हीकडून घेतले आहेत. सेन्सर आधीच बंद पडला तर बदली शेवटी कंपनीच देते, मग तो कुठूनही घेतलेला असो. फक्त विक्रेता अधिकृत हवा. त्यामुळे थेट घेतल्याने बदली लवकर मिळेल असं धरून चालू नका. तक्रार करताना सीरियल नंबर, लॉट नंबर, लावल्याची तारीख आणि स्क्रीनवर आलेला संदेश तयार ठेवा. सेन्सर चालू असेपर्यंत खोका टाकू नका, आणि बंद पडलेला सेन्सरही जपून ठेवा, कधी कधी तपासणीसाठी परत मागवतात.

तारखेची काळजी मात्र रास्त आहे. दुकानात घेताना खोक्यावर वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाशेजारी वापरायची शेवटची तारीख असते, ती पैसे देण्याआधी बघा. थर्मामीटरच्या चिन्हाशेजारी साठवणुकीचं तापमान असतं. डेक्सकॉम जी७ या सेन्सरसाठी ते २ ते ३० अंश सेल्सिअस आहे, इतरांचं वेगळं असू शकतं. घरपोच मागवणार असाल तर उन्हाळ्यात कोणीतरी घरी असेल अशाच दिवशी पार्सल येऊ द्या.

मला स्वतःला कायमच्या मासिक नोंदणीत एक अडचण वाटते. डॉक्टरांनी मॉडेल बदललं तर जुने सेन्सर घरात पडून राहतात आणि फोडलेला खोका सहसा कोणी परत घेत नाही. म्हणून मी एक जादा सेन्सर कायम घरात ठेवतो आणि तो वापरायला काढला की लगेच पुढचा आणतो.

अनोळखी ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्तात मिळतात म्हणून अजिबात घेऊ नका. ते कसे साठवले होते हे कळायला मार्ग नसतो. शिवाय दुसऱ्या देशासाठी बनलेला सेन्सर आपल्या ॲपशी जोडला जाईलच असं नाही.

दुसरा प्रतिसाद:
मी औषधाच्या दुकानात काम करते. एक सुचवते: दुकानदाराला आधीच सांगून ठेवा की अमुक सुमारास सेन्सर लागेल. कमी खपाचा महाग माल आम्ही बरेचदा मागणी आल्यावरच मागवतो, म्हणजे तो फार पडून राहत नाही. विम्याचं मात्र खरेदीआधीच विचारा. काही विमे दुकानाच्या बिलालाच मान्यता देतात, काही वैद्यकीय उपकरण म्हणून वेगळ्या पुरवठादाराकडून घ्यायला लावतात. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. नावात नुसत्या एका आकड्याचा फरक असला तरी सेन्सर वेगळा असतो आणि तुमच्या इन्सुलिन पंपाशी किंवा ॲपशी तो चालतोच असं नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. म्हणजे दुकान बदलायची घाई नको, एक जादा सेन्सर घरात ठेवायचा आणि खोके सांभाळायचे. विमा कंपनीला लेखी विचारते. आणखी एक विचारू का? रात्री कधी कधी साखर एकदम खाली गेल्याचा अलार्म होतो, बोट टोचलं तर साखर व्यवस्थित असते. हाही सदोष सेन्सरच समजायचा का? तसं असेल तर तक्रार करते.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर:
आधी लेक सेन्सर लावलेल्या दंडाच्या कुशीवर झोपली होती का ते बघा. सेन्सर रक्तातली नाही, तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. दंडावर दाब पडला की सेन्सरभोवतीच्या द्रवाचा पुरवठा कमी होतो आणि आकडा खोटाच खाली जातो. कूस बदलल्यावर थोड्या वेळात वर येतो. लावल्यानंतरचा पहिला दिवसही जरा कमी भरवशाचा असतो. तसंच साखर वेगाने बदलत असताना सेन्सर रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. यातलं काही नसेल आणि साखर स्थिर असतानाही फरक मोठा राहत असेल, तर दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा आणि कंपनीला कळवा. अलार्म झाल्यावर बोट टोचून बघायची तुमची सवय मात्र सोडू नका.